गादीवाल्यांचं इच्छापत्र

देणगी विभागातल्या बाई इच्छापत्राच्या चौथ्या कलमावर आल्या आणि समोरचे आजोबा घोरायला लागले.

आजोबांचा जन्म गाद्या भरण्यात गेला होता. त्यांच्या गाद्यांवर लोक ढाराढूर झोपले, आणि म्हातारपणी त्यांच्या स्वतःच्या डोळ्याला मात्र डोळा लागेना. म्हणून आपल्यामागे दुकानाची जागा विद्यापीठाच्या निद्रा संशोधन केंद्राला द्यायची, असं त्यांनी ठरवलं होतं. केंद्राला घरघर लागली होती; एखादी मोठी देणगी कागदावर आली तरच विद्यापीठ ते चालू ठेवणार होतं. ते बंद पडलं तर बाईंची नोकरीही जाणार, हे वरच्या साहेबांनी फार गोड शब्दांत सांगून ठेवलं होतं.

सही घेऊन मोकळं व्हायचं, तर नियम आडवा येत होता. मागे एका दात्याच्या पुतण्यांनी 'काकांना कागद कळलाच नव्हता' म्हणून विद्यापीठाला कोर्टात खेचलं होतं. तेव्हापासून सगळा मजकूर दात्याला मोठ्यानं वाचून दाखवायचा आणि तो त्यानं शेवटपर्यंत जागेपणी ऐकला, असं साक्षीदारांनी लिहून द्यायचं. मध्ये खंड पडला की पुन्हा पहिल्यापासून.

बाई आजोबांना हलवायला गेल्या, तर शेजारी बसलेल्या आजींनी त्यांचा हात धरला.

"उठवू नका हो. किती वर्षांनी झोपलेत. यांच्या येरझाऱ्यांनी मलाही झोप नाही."

दात्याच्या बायकोपुढे काय बोलणार? ऑफिस बंद व्हायच्या वेळेपर्यंत सगळे कुजबुजत वावरले. पुढच्या खेपेला बाईंनी कडक कॉफी पाजली, बिनपाठीचं स्टूल दिलं. आजोबा भिंतीला टेकून झोपले. त्यानंतर एक साक्षीदारही पेंगला, आणि त्याच्या साक्षीचाच प्रश्न उभा राहिला.

बातमी केंद्राच्या प्राध्यापकांपर्यंत गेली. ते यंत्र घेऊन धावत आले आणि आजोबांच्या डोक्याला वायरी लावून बसले.

"आमच्या औषधांनी जे झालं नाही ते तुमच्या वाचनानं होतंय," ते बाईंना म्हणाले. "फक्त वाचताना जीव ओतू नका."

या नोकरीत आपण तो कधीच ओतलेला नाही, हे बाईंच्या अगदी ओठावर आलं होतं.

अखेर आजोबांची साठलेली झोप पुरी झाली असावी. एके दिवशी त्यांनी टक्क डोळ्यांनी सगळी कलमं ऐकली आणि सही ठोकली. बाईंना रडूच आलं. केंद्र वाचलं होतं, नोकरी वाचली होती.

थोड्या दिवसांनी नवराबायको पुन्हा दारात उभे. आजोबांचे डोळे तारवटलेले.

"झोप परत गेली," ते म्हणाले. "इच्छापत्र हयातीत केव्हाही रद्द करून नवं करता येतं, असं शेवटच्या कलमात आहे ना? ते रद्द करू."

बाई खुर्चीतून उठल्याच. "काय बदलायचंय, आजोबा?"

"काहीच नाही. तेच सगळं. पण नवं म्हटल्यावर वाचावं लागेल ना तुम्हाला?"

"आणि दर आठवड्याला करायचं म्हणतोय आम्ही," आजी म्हणाल्या.

साहेबांना हे कळलं तेव्हा त्यांनी तातडीनं हुकूम काढला: आजोबा हयात असेपर्यंत बाईंची बदली नाही, रजा नाही. बाईंनी मान हलवली, कागद पुढे ओढला आणि पहिल्या कलमाला हात घातला. समोर आजोबा खुर्चीत सैलावले. अशी नियमित झोप मिळत राहिली की त्यांची तब्येत ठणठणीत होत जाणार, असं प्राध्यापकांनी लेखी दिलं होतं.