गल्लीत रुतलेला आराखडा

वहिनींचा तीनमजली केक गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत दीडमजली झाला, तेव्हा त्यांनी दिराला भरल्या ताटावरच गाठलं. घरी केक करून विकायचा त्यांचा धंदा. आणखी एक केक असा कोसळला असता, तर धंदाच गुंडाळावा लागला असता.

दीर म्हणजे नगरपालिकेच्या रस्ते-नियोजन खात्यातले साहेब. शहरातल्या कुठल्या रस्त्याला कधी डांबराचा नुसता हात फिरवायचा, कुठला मुळापासून नव्याने बांधायचा, पुढच्या तीस वर्षांचं सगळं त्यांनी आखायला घेतलं होतं. अहो, आपल्याला संध्याकाळची भाजी सुचत नाही, आणि हा माणूस नातवंडांच्या काळातले खड्डे आत्ता बुजवत होता! वहिनींना त्यांचं केवढं कौतुक. फक्त दारापुढचा खड्डा तेवढा बुजत नव्हता.

"भाऊजी, आपल्या गल्लीचा नंबर कधी?"

"ते माझ्या हातात नाही, वहिनी. उद्या गाडी येईल, रस्ता तपासेल. ती सांगेल ते खरं."

ही बातमी गल्लीभर झाली. शेजारच्या निवृत्त मास्तरांनी तर्क लढवला की आजार मोठा, त्याला औषध आधी. तेव्हा गल्ली धडधाकट दिसून चालायचं नाही. झालं, सकाळपासून सगळे कामाला लागले. लोकांनी खड्ड्यांत आजवर टाकलेल्या विटा काढल्या, कडा कुदळीने उकरल्या, वरून पाणी सोडलं. वहिनीही पदर खोचून फावडं मारत होत्या. गल्लीत एवढी एकी कधी कुणी पाहिली नव्हती.

गाडी वळली आणि सगळ्यांनी फावडी-कुदळी पाठीमागे लपवली. पुढे कॅमेरे, मागे लेसर, पोटाखाली जमिनीच्या आतलं बघणारं यंत्र. मास्तरांनी नकळत हातच जोडले. गाडी डौलात पुढे आली आणि वहिनींच्या दारापुढच्या खड्ड्यात बोनेटपर्यंत गेली.

भाऊजी धावत आले आणि आत डोकावून यंत्राच्या पडद्यावरचं वाचू लागले.

"काय म्हणतेय?" वहिनींनी विचारलं.

"रस्ता हाताबाहेर गेलाय म्हणतेय. वाचवण्याजोगे रस्ते आधी घेतात, वहिनी. गेलेले शेवटी. आपला आता अठ्ठाविसाव्या वर्षी."

वहिनी पायरीवर मटकन बसल्या. त्यांना रडूच फुटलं. "तोवर माझी गिऱ्हाइकं कवळीने केक खातील हो."

क्रेनवाल्याला बोलावलं. त्याने चिखलात पाय दाबून पाहिला आणि मान हलवली. इथे क्रेन घातली तर तीही आत जाईल, आधी खालून पक्कं करा, मग बोलवा, असं सांगून तो चहाला गेला. आता आली का पंचाईत? शहरात अशी गाडी एकच. ती निघेपर्यंत सगळ्या शहराची तपासणी ठप्प, आणि आराखडाही ठप्प. वरून फोनावर फोन आले. दुपारी खडी आली, मग डांबर, मग रोलर. गल्लीच्या तोंडापासून वहिनींच्या दारापर्यंत काळाभोर, गुळगुळीत रस्ता झाला. दुसऱ्या दिवशी क्रेन त्यावरून आली, गाडी अलगद उचलून घेऊन गेली आणि मागे राहिलेला खड्डाही लगोलग भरला गेला.

वहिनी नवा तीनमजली केक घेऊन निघाल्या. तिन्ही मजले जागच्या जागी होते. भाऊजी मात्र रस्त्याच्या मधोमध चपला हातात घेऊन अनवाणी उभे. जन्मभर त्यांनी रस्ते आखले होते, पण एकही रस्ता होताना पाहिला नव्हता.

"वहिनी," ते म्हणाले, "खरंच होतो की हो रस्ता."