तात्यांचे हिवाळी टायर

बाजारात वांगी दाबून घेणारी माणसं मी पुष्कळ पाहिली होती. टायर दाबून बघणारा माणूस मात्र मला कोरेगावातच भेटला. कुणाच्या दारात ट्रक, ट्रॅक्टर, स्कूटर, काहीही उभं दिसलं की तात्या आपली वाट सोडून तिकडे वळायचे, चाकाशी उकिडवे बसायचे, डोळे मिटायचे आणि उजव्या हाताचा अंगठा टायरच्या नक्षीत रुतवायचे. मग उठून अंगठा पँटला पुसत निकाल द्यायचे, "कडक हाय." एकदा तर मामलेदारसाहेब जीपमध्ये बसलेले असताना त्यांनी चारही चाकं दाबून पाहिली आणि खिडकीशी जाऊन त्यांना तसं कळवलं. साहेब नवीनच बदलून आले होते. त्यांना वाटलं, इथली पद्धत असेल.

हे तात्या म्हणजे गणपतराव, माझे घरमालक. मी सांगलीहून कोरेगावच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायला आलो आणि त्यांच्या माडीवरच्या खोलीत राहू लागलो. खाली तात्या आणि हौसाकाकी, दोघंच. तात्यांनी तीस वर्षं बस चालवली होती. नोकरी संपली तरी अंगातला खाकी शर्ट सुटला नव्हता आणि तोंडातली कंडक्टरच्या घंटीची भाषाही सुटली नव्हती. एक टोला म्हणजे थांब, दोन टोले म्हणजे चल. पानात भात पुरे झाला की ते "सिंगल" म्हणायचे. एखादी गोष्ट मनाला आली की "डबल". खोली बघायला गेलो तेव्हा नाव नाही, गाव नाही, मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळून ते नुसतं "डबल" म्हणाले. मला वाटलं, भाडं दुप्पट मागताहेत. मी निम्मा जिना उतरलोसुद्धा होतो. काकींनी खालून हाक मारून अर्थ सांगितला म्हणून थांबलो.

तात्यांकडे मोटार होती. त्या काळी मोटारीसाठी नंबर लावून लोक म्हातारे होत, आणि ह्यांच्या दारात ती उभी होती, तीही विलायती. पाचगणीच्या एका शाळेतली मडम मायदेशी परत निघाली, तेव्हा जाताना ती तात्यांच्या गळ्यात बांधून गेली. पूर्वी एकदा घाटात तिची गाडी गटारात गेली होती आणि तात्यांनी बस थांबवून सगळ्या उतारूंना हाताशी घेऊन ती उचलून बाहेर ठेवली होती. उचलण्यासारखीच होती ती. गाव तिला 'डबी' म्हणायचं. चाकं स्कूटरच्या मापाची, दहा इंची.

डबीचं इंजिन पुढच्या चाकांना जोडलेलं होतं, मागची चाकं नुसती फिरायची. ह्याचा तात्यांना विलक्षण अभिमान. येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून ते सांगायचे, "बाकीच्या मोटारी मागनं ढकलत्यात, ही फुडनं वढती. गाडीच्या मागं कुणी बैल जुपल्यात व्हय कवा?"

आता ह्या सगळ्या टायरप्रकरणाला मीच कारणीभूत आहे, हे कबूल केलेलं बरं.

गाडीबरोबर मडमेनं एक इंग्रजी पुस्तक दिलं होतं. गाडी कशी वापरावी, कशी राखावी, त्याचं. तात्या रोज संध्याकाळी ते घेऊन माडीवर यायचे आणि पोथी ऐकावी तसे मांडी घालून बसायचे. मी एक पान मराठीत सांगायचं, त्यांनी मान डोलवायची. एके दिवशी 'हिवाळा' हे प्रकरण आलं. त्यात बर्फाबद्दल बरंच काही होतं. मी मनात म्हटलं, कोरेगावात बर्फ एक तर गोळ्याच्या गाडीवर, नाहीतर मासेवाल्याच्या पाटीत. उगाच कशाला सांगा? आणि इंग्रजी शिकवणाऱ्याच्या ऐटीत मी बर्फ सगळा गाळला. उरलं ते वाचलं: हिवाळा आला की गाडीला हिवाळी टायर घालावेत, ते मऊ रबराचे असतात, गाडीत खोरं, दोर आणि घोंगडं ठेवावं.

तात्यांची मांडी मोडली. "मऊ?" त्यांनी विचारलं. मी ओळ पुन्हा वाचली. मग ते "डबल" म्हणून खाली गेले.

दुसऱ्या दिवशी डबीत खोरं, दोर आणि घोंगडं दाखल झालं, आणि तात्यांचा अंगठा गावभर फिरायला लागला.

घाई होती. हौसाकाकींच्या भावाच्या मुलीचं लग्न मार्गशीर्षात विट्याला होतं. भाऊ गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात, तिकडे मद्रासच्या बाजूला दुकान. चार-पाच वर्षांतून एकदा गावी यायचा आणि लग्न उरकून परत जाणार होता. काकी चार वर्षांत माहेरी गेल्या नव्हत्या. खरं म्हणजे कुठेच गेल्या नव्हत्या. विहिरीच्या पायरीवरून पडून कंबर धरली, असं त्या सांगायच्या आणि भिंतीला धरून घरातल्या घरात वावरायच्या. लग्नाचा विषय निघाला की तात्या म्हणायचे, टायर मिळाले की जाऊ. गावात सगळ्यांची खात्री होती की ह्यांचं सासरच्या माणसांशी बिनसलंय आणि टायर हे निमित्त आहे. मलाही तसंच वाटायला लागलं होतं. काकी मात्र बसल्या जागी रोज एकेक लुगडं उलगडायच्या, पुन्हा घडी घालायच्या. ते बघून मला तात्यांचा भयंकर राग यायचा.

साताऱ्याच्या दुकानात मी त्यांच्याबरोबर गेलो. दहा इंची माप ऐकून दुकानदारानं स्कूटरचे टायर पुढे केले. तात्यांनी सगळ्यांवर अंगठा चालवला, एकही पसंत पडला नाही. दुकानदारानं वैतागून विचारलं, टायर पाहिजेत का गाद्या? गाद्या बसत असतील तर दाखवा, असं तात्या अगदी मनापासून म्हणाले.

शेवटी मीच त्यांना सांगलीला घेऊन गेलो. आमच्या गल्लीमागे हमीदभाईंचा टायर रिमोल्ड करायचा कारखाना होता. झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवायचं आणि भट्टीत शिजवायचं, हे त्यांचं काम. डबीचेच जुने टायर काढून आम्ही पोत्यात भरून नेले होते. हमीदभाईंनी रबराचे चार-पाच तुकडे समोर टाकले. तात्यांनी डोळे मिटले. चौथ्या तुकड्यावर अंगठा थांबला आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मी स्वतः तो तुकडा दाबून पाहिला. मऊ होता खरा.

हमीदभाई सचोटीचा माणूस. त्यांनी सांगितलं की हे रबर चैत्राच्या उन्हात टिकणार नाही, आणि माझ्याकडे आहे ते दोनच टायरांना पुरेल. मग त्यांनी दोन टायरांवर खडूनं खूण करता करता सहज विचारलं, पुढं लावणार ना?

"मागं," तात्या म्हणाले.

हमीदभाईंनी खडू खाली ठेवला. ओढणारी चाकं पुढची, तेव्हा नवी नक्षी पुढं पाहिजे, नाहीतर चिखलात गाडी जागच्या जागी चाकं फिरवत बसेल. मीही हमीदभाईंची बाजू घेतली. बैलाचा दाखला तात्यांचाच होता, तो त्यांच्यावरच उलटवला. आणि भरीला भर म्हणून गाळलेला बर्फही त्याच वेळी बाहेर काढला. म्हटलं, तात्या, माझं चुकलं, ते टायर बर्फासाठी असतात. आपल्याकडे त्यांचा काही उपयोग नाही.

तात्यांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "बर्फाचं ऱ्हाऊ द्या मास्तर. मऊ लिवलंय का न्हाई?"

"लिहिलंय."

"मग मागं लावायचं. मागं हौसा बसनार हाय."

हमीदभाईंनी चहा मागवला. चहाचा कप हातात तसाच धरून तात्यांनी जे सांगितलं ते सांगताना त्यांनी मान वर केली नाही. चार वर्षांपूर्वी काकी माहेराहून कोरेगावला परत येत होत्या, त्या तात्यांच्याच बसमधून, मागच्या बाकावर बसून. बसला उशीर झाला होता, आणि तात्यांची बस कधी उशिरा पोचत नसे, हा त्यांचा लौकिक. पुसेसावळीच्या अलीकडे त्यांनी वेळ भरून काढायला गाडी दामटली. एक मोठा खड्डा आला. मागचा बाक उडाला, आणि काकी खाली आल्या त्या कंबर मोडूनच.

"विहिरीचं तिनंच काढलं," तात्या म्हणाले. "पोलीस न्हाई, डेपो न्हाई, भावालाबी सांगितलं न्हाई. मला म्हनली, तुमच्या नोकरीला डाग नगं. चार वर्सं झाली मास्तर. एक शबूद न्हाई बोलली."

मला माझ्या रागाची लाज वाटली. हमीदभाई म्हणाले, "रबरानं थोडाच फरक पडतोय तात्या. हवा कमी ठेवा, अन् बैलाच्या चालीनं जावा. मंग बगा." आणि त्यांनी मागच्या टायरांवर दोन मोठ्या खुणा केल्या.

टायर आले, चढले. परीक्षा माझी झाली. मागच्या सीटवर मला बसवून, मांडीवर काठोकाठ भरलेला तांब्या देऊन तात्यांनी रहिमतपूरच्या रस्त्यानं डबी नेऊन आणली. जुन्या टायरांवर ही परीक्षा आधी एकदा झाली होती आणि मी नदीतून निघाल्यासारखा घरी आलो होतो. ह्या खेपेला फक्त गुडघा भिजला. तात्यांनी तांब्यात डोकावून पाहिलं आणि तिथल्या तिथे, रस्त्यात, मला मिठी मारली. उरलेलं पाणी त्यात सांडलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी ऊन अंगणात आलं तेव्हा काकी हिरवं लुगडं नेसून बाहेर आल्या. चार बायकांनी धरून त्यांना मागच्या सीटवर बसवलं, पाठीशी दोन गोधड्या लावल्या. पुढे तात्या, शेजारी मी. डबी निघाली ती हमीदभाईंनी सांगितलं त्याहूनही हळू. उसाच्या बैलगाड्या आम्हाला मागे टाकून जायला लागल्या. एक सायकलवाला तर चांगला मैलभर खिडकीशी गप्पा मारत आला, आणि कंटाळून पुढे निघून गेला. काकींना सगळंच नवं. ह्याचं घर कवा झालं, त्या मळ्यात इंजिन कुणी बसवलं, असं विचारून त्यांनी आम्हाला भंडावून सोडलं. मधूनच तात्यांना म्हणायच्या, आवं, जरा दमानं. डबी त्यावेळी उभी होती. समोरून मेंढरं चालली होती.

पुसेसावळी जवळ आली तशी काकींची बडबड थांबली. तात्यांचे हात स्टिअरिंगच्या चाकावर घट्ट झाले. तो रस्ता अजूनही तसाच होता. एकेक खड्डा त्यांनी असा टाळला की वळणं मोजली तर विटं दुप्पट लांब पडलं असतं. गाव मागे पडलं तरी काकी बोलेनात. तात्यांना मागे बघायचं धैर्य होईना.

"मास्तर," ते हलक्या आवाजात म्हणाले, "बगा की जरा."

मी वळून पाहिलं. काकी झोपल्या होत्या. गोधडीवर मान टाकून, तोंड किंचित उघडं ठेवून, गाढ. माडीवर राहून मला इतकं ठाऊक होतं की रात्री ह्या बाईचा डोळा घटकाभरही लागत नसे. कूस बदलताना कण्हणं वरपर्यंत ऐकू यायचं. मी तात्यांना सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली. डोळे पुसायला हात चाकावरून काढला नाही, तसेच वाहू दिले.

विट्यात शिरलो तेव्हा दुपार झाली होती. मांडव सजलेला, सनईवाले सूर लावत होते, आणि डबी दिसताच काकींचा भाऊ दोन्ही हात पसरून रस्त्यात आला. तात्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि मांडवासमोरून गाडी तशीच पुढे नेली. गाडी थांबली की ती उठणार, एवढंच ते मला म्हणाले. गावाला वळसा घालून आम्ही परत मांडवाशी आलो. तोवर सनई थांबलेली. काय झालंय ते मी खिडकीतून खुणेनं सांगितलं. तिसऱ्या फेरीला भाऊ गाडीबरोबर चालायला लागला, मागच्या खिडकीवर हात ठेवून, आत बहिणीकडे बघत. त्याच्यामागे घरच्या बायका आल्या, मग फेटे बांधलेले पुरुष आले, शेवटी सनई काखेत मारून वाजंत्रीही आले. चपला हातात घेऊन सगळं लग्नघर डबीमागून चालत होतं आणि कुणी खोकतसुद्धा नव्हतं.

चौथ्या फेरीला मारुतीच्या देवळापाशी काकी जाग्या झाल्या. त्यांनी आधी खिडकीतला भावाचा हात पाहिला, मग भाऊ पाहिला आणि तो हात दोन्ही हातांत धरून घाईघाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"आवं, इटं आलं व्हय?" त्यांनी विचारलं. "कवा आलो आपन?"

तात्यांनी गाडी उभी केली.

"ह्ये काय," ते म्हणाले, "आत्ताच आलो की."