अध्यक्षस्थानी लाल भोपळा

आमच्या गावात घरात नवी सुरी घ्यायची असेल तर भाज्यांची संमती लागते. दुकानदार तीन सुऱ्या तीन दिवस बघायला देतो. त्या मुदतीत घरातल्या भाज्यांनी सभा घेऊन एक सुरी मंजूर करायची आणि नंतर सभेचं इतिवृत्त दुकानात नेऊन दाखवायचं. निर्णय झाला नाही तर तिन्ही सुऱ्या परत जातात आणि सहा महिने पुन्हा अर्ज करता येत नाही.

बाहेरगावचे पाहुणे हे ऐकून हसतात. ज्यांना चिरायचं त्यांनाच विचारलं तर ते सगळ्यात बोथट सुरी निवडतील असं त्यांना वाटतं. आमच्याकडे असं एकदाही झालेलं नाही. बोथट सुरी म्हणजे काय, हे भाज्यांइतकं कोणालाच माहीत नसतं.

आमची जुनी सुरी अकरा वर्षांची होती. तिला मंजुरी देणाऱ्या भाज्यांपैकी आता अर्थातच कोणी नाही. तिचं पातं झिजून मधे खोलगट झालं होतं आणि मूठ हलत होती. आई अंगाचा सगळा भार टाकून चिरायची. त्यामुळे तिचं उजवं मनगट सुजलं आणि त्याला पट्टी बांधावी लागली. गुडघ्यांमुळे खाली बसणं बंद झालेलं, म्हणून विळी केव्हाच माळ्यावर गेली होती. डॉक्टर म्हणाले, "आणखी महिनाभर असंच दाबत राहिलात तर हात प्लास्टरमध्ये घालावा लागेल." सहा महिने थांबणं आम्हाला शक्य नव्हतं.

इतिवृत्त लिहायचं काम, म्हणजे सभेचं सचिवपद, माझ्याकडे आलं. मी नववीत आहे. माझं अक्षर बरं आहे आणि मी मधे बोलत नाही. शिवाय भाज्यांचा आवाज बारीक असतो. फ्रिजमधून काढल्यावर पहिली दहा मिनिटं तर काहीच ऐकू येत नाही. आईला कांदा सोडला तर कोणाचंच नीट ऐकू येत नाही. मला येतं.

अध्यक्ष लाल भोपळा होता. ज्येष्ठतेने तोच पद घेतो. मावशीने तिच्या मळ्यातून पाठवल्यापासून चार महिने तो माझ्या अभ्यासाच्या टेबलावर खिडकीशी बसून होता. अख्ख्या भोपळ्याला पहिली सुरी घरातल्या पुरुषाने लावायची, अशी आमच्याकडे पद्धत आहे, आणि बाबा बदलीमुळे चंद्रपूरला असतात. त्यांच्याऐवजी शेजारचे सातपुतेकाका दोनदा बाह्या सरसावून आले होते. दोन्ही वेळा भोपळ्याने जुन्या सुरीबद्दल हरकत घेतली. "हिने मला चिरता येणार नाही, फक्त फोडता येईल," असं त्याने सांगितलं आणि ते मी लिहून ठेवलं.

वर्गात जे बोलत नाही ते मी भोपळ्याला सांगायची. तो विचार करून बोलतो. मी आज विचारलेल्याचं उत्तर बहुतेक वेळा उद्या येतं.

तांबटकाकांच्या दुकानातून सुऱ्या आल्या, त्या दिवशी चार वाजता ओट्यावर पहिली सभा झाली. भोपळा, कांदा, टोमॅटो, काकडी आणि कोथिंबिरीची जुडी, असे नियमाप्रमाणे पाच सभासद हजर होते. पावाला निमंत्रित म्हणून बोलावलं होतं. त्याला मत नव्हतं. आईलाही नव्हतं. सुरी वापरणाऱ्याने फक्त विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं द्यायची असतात.

अध्यक्षांनी नियम वाचायला सांगितले. मी वाचले. शेवटचा नियम असा होता: मतं समसमान पडली तरच अध्यक्षांनी निर्णायक मत द्यावं, आणि ज्याने निर्णायक मत दिलं त्याच्यावरच मंजूर झालेल्या सुरीचा पहिला काप पडावा. असं मत कोणी सहज देऊ नये म्हणून हा नियम आहे. वाचताना मी भोपळ्याकडे बघितलं.

मग सुऱ्या मांडल्या. पहिली दातेरी, लाल प्लास्टिकच्या मुठीची. दुसरी स्टेनलेस स्टीलची, आरशासारखी चकचकीत, मूठ जड. तिसरी साध्या पोलादाची, लोहाराने घडवलेली. तिचं पातं लांब आणि काळपट होतं, पाठ जाड, धार पातळ, आणि सागवानी मुठीच्या आतून ते शेवटपर्यंत गेलेलं दिसत होतं.

"पहिलीच घ्या," पाव म्हणाला. "दाते असले की कसं, पकड येते."

"तुला विचारलंय कोणी?" कांदा म्हणाला. "तू बेकरीतून आलास, संध्याकाळी मिसळीबरोबर जाशील. आम्हाला इथे राहायचंय."

"तुम्ही तरी किती दिवस राहणार?" काकडी म्हणाली.

"कितीही. जाळीच्या टोपलीत ठेवलं तर महिना."

अध्यक्षांनी तिघांनाही गप्प बसायला सांगितलं. पहिला दिवस त्यातच गेला.

दुसऱ्या दिवशी कोथिंबीर मान टाकून पडली होती, म्हणून नवी जुडी आणली. तिला सगळं पहिल्यापासून समजावून सांगावं लागलं. कांदा म्हणाला, "रोज हेच करायचं का आता?" पण एक पालेभाजी हवीच, त्याला इलाज नव्हता.

त्या दिवशी प्रात्यक्षिक होतं. फ्रिजच्या खालच्या कप्प्यातले तीन टोमॅटो स्वतःहून पुढे आले. चिरलेल्या भाज्या मीठ लागेपर्यंत बोलतात, त्यामुळे अनुभव लगेच नोंदवता येतो.

आईने पहिल्याला दातेरी सुरी लावली. "खरखर होते," तो म्हणाला. "आणि माझ्या बिया कुठे गेल्या बघा." बिया सगळ्या चिरायच्या पाटावर होत्या. पहिली सुरी तिथेच बाद झाली.

दुसऱ्या सुरीने दुसऱ्या टोमॅटोचे दोन भाग झाले. मोठा भाग म्हणाला, "छान आहे, गार लागतं." लहान भाग म्हणाला, "ती घसरली होती, म्हणून तर मी लहान आहे." मी दोन्ही मतं लिहून घेतली.

तिसऱ्या टोमॅटोवर आईने तिसरी सुरी ठेवली आणि नुसती मागे ओढली. मग पुन्हा. मनगटाची पट्टी जराही ताणली गेली नाही. चकत्या इतक्या पातळ पडत होत्या की त्यांच्यातून पाटाच्या रेषा दिसत होत्या.

थोड्या वेळाने टोमॅटोने विचारलं, "वहिनी, सुरू कधी करताय?"

"झालं तुझं," कांदा म्हणाला. "सात चकत्या झाल्या."

मग सगळ्यात मधली चकती म्हणाली, "सांगितलं नसतंस तरी चाललं असतं."

सभासद टोमॅटो ओट्याच्या कडेपर्यंत सरकत आला होता.

"सुरी चांगली आहे, मी नाही म्हणत नाही," कांदा म्हणाला. "पण साधं पोलाद आहे ते. ओलं राहिलं की गंजणार. गंजलेल्या सुरीने माझ्या पापुद्र्यांवर काळे डाग पडतात. दर वेळी पुसणार कोण?"

"मी पुसेन की," आई म्हणाली.

"वहिनी, तुम्ही चहाचं भांडंसुद्धा संध्याकाळपर्यंत भिजत ठेवता."

आई हसली.

"जबाबदार व्यक्तीचं नाव लागेल," अध्यक्ष म्हणाले. "नाहीतर तिसऱ्या सुरीवर मतदान घेता येणार नाही."

मी लिहायचं थांबले आणि म्हणाले, "मी पुसेन." माझा आवाज ओट्याच्या टोकापर्यंत गेला. आईने वळून बघितलं.

"पुढच्या वर्षी दहावी आहे हिची," कांदा म्हणाला. "बघू किती दिवस पुसते."

मी इतिवृत्तात माझं नाव लिहिलं: ऋजुता तळेकर.

त्या दिवशी सभा संपल्यावर मी भोपळ्याला टेबलावर आणून ठेवलं. तो पूर्वीपेक्षा हलका लागला. मी विचारलं, "उद्या बरोबरी झाली तर?" नेहमीप्रमाणे उत्तर लगेच आलं नाही.

तिसऱ्या दिवशी मतदान झालं. मुदत सहा वाजता संपत होती. टोमॅटोने तिसऱ्या सुरीला मत दिलं. काकडीनेही तिसरीलाच दिलं. कांद्याने दुसरीला दिलं, आणि कारणं सविस्तर लिहून घ्यायला लावली. राहिली कोथिंबीर. ती तिसरी जुडी होती, दुपारभर उन्हात राहिलेली. तिचा आवाज इतका क्षीण होता की कांद्यालाही ऐकू आला नाही.

मला आला. ती म्हणाली, "दुसरी. तिच्यात माझं तोंड दिसलं."

म्हणजे दोन आणि दोन.

"काय म्हणाली?" टोमॅटोने विचारलं.

मी पेन कागदावर टेकवलं. तिसरी असं लिहिलं असतं तर तीन विरुद्ध एक झालं असतं. आईला हीच सुरी मिळाली असती आणि भोपळा टेबलावर राहिला असता. कोणाचंच नुकसान नव्हतं. कोथिंबिरीचं तर डोळे मिटून पडणं सुरू झालं होतं. पेन टेकवलेल्या जागी शाईचा ठिपका मोठा होत गेला.

तेव्हा भोपळा बोलला. माझ्या कालच्या प्रश्नाचं ते उत्तर होतं.

"ऋजू, मला जरा हलव."

मी त्याला दोन्ही हातांनी हलवलं. आत बिया वाजल्या.

"पूर्वी वाजत नव्हत्या," तो म्हणाला. "आतून सुटत चाललोय मी. आणखी महिन्याभराने मला सुरी लागणारच नाही, उचलून टाकावं लागेल. आता वाच, ती काय म्हणाली ते."

मी वाचलं. "कोथिंबीर, दुसरी सुरी." मग हे तसंच लिहिलं, ठिपक्याच्या शेजारी.

"समसमान," अध्यक्ष म्हणाले. "माझं निर्णायक मत तिसऱ्या सुरीला. पहिला काप सचिवांनी घ्यावा." मी ते आईसाठी मोठ्याने वाचलं.

"अहो, पण पहिली सुरी बायकांनी लावायची नसते," आई म्हणाली. "हिचे बाबा दिवाळीला येतायत."

"दिवाळीपर्यंत मी नाही थांबू शकत, वहिनी."

नियम पुन्हा काढून बघितले. पुरुषाने, असं त्यांत कुठेच नव्हतं. 'सुरी पुसण्याची जबाबदारी घेतलेल्या व्यक्तीने' असं होतं. कांद्याने स्वतः ती ओळ दोनदा वाचायला लावली. मग म्हणाला, "बरोबर आहे. माझी हरकत नाही."

आईने भोपळा पाटावर ठेवला आणि तो हलू नये म्हणून खाली ओलं फडकं घातलं. मी सुरी हातात घेतली. मूठ माझ्या मुठीत बरोबर बसली. मी पातं देठाशेजारी टेकवलं, आईने सांगितल्याप्रमाणे दाबलं नाही, नुसतं पुढे नेलं आणि मागे आणलं. साल टणक होती. पातं हळूहळू आत जात राहिलं. जाड पाठीमुळे ते कुठेच वाकलं नाही. किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही, पण इतिवृत्तात पाच वाजून चाळीस ते पाच वाजून बावन्न असं आहे.

दोन्ही अर्धे भाग बाजूला झाले. आतला रंग मी विचार केला होता त्यापेक्षा गडद होता. मी एका भागाच्या फोडी केल्या, मग दुसऱ्याच्या. सगळं झाल्यावर मी सुरी धुतली, कोरड्या फडक्याने पातं पुसलं आणि मुठीजवळची जागा पुन्हा एकदा पुसली.

पाटावरून आवाज आला. "ऋजू, सुरू कधी करतेस?"

मी कांद्याकडे बघितलं. कांद्याने तोंड भिंतीकडे फिरवलं होतं.

"करते हं," मी म्हणाले. "पाचच मिनिटं थांबा."

"सावकाश होऊ दे," भोपळा म्हणाला.

हे इतिवृत्तात लिहिलेलं नाही. आईला त्याचं बोलणं ऐकू आलं नव्हतं, पण माझं आलं. ती मिठाचा डबा उघडून उभी होती. तिने झाकण परत लावलं आणि खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली.