श्वास, ठीक

आपल्या हातून चूक होणं शक्यच नाही, असं कुरामोचींनी गावात कलाप्रयोग करायला आलेल्या शिओमीला छातीठोकपणे सांगितलं. एक्केचाळीस वर्षं त्यांनी आगगाडी चालवली होती. इथे तर भातलावणीचं जुनं यंत्र, तेही गावच्याच खाचरात.

"आजोबा, एकच करा," शिओमी म्हणाली. "तोंडातून अवाक्षर काढू नका. शांतता गेली की माझा प्रयोग गेला. दोन वर्षं घातलीत मी यात."

"काढलं तर नाव बदलेन."

शिओमी चिखलात आडवी झाली. छातीवरच्या पट्ट्यातून वायर यंत्रात गेली होती. तिने श्वास घेतला की यंत्राचा हात वर जायचा. सोडला की खाली येऊन एक रोप लावायचा आणि यंत्र वीतभर तिच्याकडे सरकायचं. अगदी जवळ आलं की ती श्वास रोखणार, यंत्र थांबणार. नाहीच थांबलं तर चाकं थांबवायचं बटण कुरामोचींकडे होतं.

बांधावर अख्खं गाव चिडीचूप. बाई श्वास घेत होती आणि तिच्याबरोबर लोखंडही. कुरामोचींच्या अंगावर काटा आला. आगगाडीवर दिसेल त्या गोष्टीकडे बोट करून मोठ्याने 'ठीक' पुकारायचं, मगच पुढे जायचं. इतक्या वर्षांची ती सवय नेमकी तेव्हाच उसळली.

"श्वास, ठीक!"

शिओमीने डोळे वटारले. कुरामोचींनी जीभ चावली, पण बोट कुठलं ऐकतंय?

"रोप, ठीक! चिखल, ठीक!"

गावकऱ्यांना वाटलं, प्रयोगच असा आहे. निम्मं गाव रेल्वेतून निवृत्त झालेलं. चाळीस बोटं उठली. "चिखल, ठीक!"

शिओमीला हसू फुटलं. हसू म्हणजे श्वासच, फक्त भराभर. यंत्र सपासप रोपं खोचत तिच्यावर धावून आलं.

"बटण दाबा," ती कशीबशी म्हणाली.

कुरामोचींनी आधी बटणाकडे बोट केलं. "बटण, ठीक!" मग दाबलं.

तोवर चिखलात पसरलेल्या तिच्या केसांत तीन रोपं लागली होती. चाकं थांबली. हात मात्र तिच्या धापेबरोबर वर-खाली होत राहिला, हळूहळू संथ होत. बाई कुठे संपते, चिखल कुठे, यंत्र कुठे, कुणालाच सांगता येईना. कुणीही न सांगता सगळ्या गावाने कमरेत वाकून नमस्कार केला. कुरामोचींना तर रडूच आलं.

"चुकलो, पोरी."

"चुकलातच," केस सोडवत शिओमी म्हणाली. "पुढच्या महिन्यात सेंदाईला प्रयोग आहे. तिथेही असेच चुका."

कुरामोची तरंगतच घराकडे निघाले. बायको तोमिए बरोबर चालत होती.

"पन्नास वर्षं रांधून घालतेय," ती म्हणाली. "आणि ठीक कोण? तर चिखल."