डासांच्या वेळेला गोंदण्या

सरकारच्या हिवताप खात्यात तीस वर्षं डास मारून रिटायर झालेला माणूस रोज संध्याकाळी, नुसत्या बंडीवर, स्वतःच्या परसात उभा राहून डासांना रक्त पाजायचा. हे मी ऐकलेलं नाही, पाहिलेलं आहे. त्या माणसाचं नाव हिलाल नाना. आमच्या घराची मागची भिंत आणि त्यांच्या परसाची भिंत एकच.

आता आमच्या देवपुरातले डास म्हणजे काय, हे धुळ्याबाहेरच्या माणसाला सांगून पटायचं नाही. ही गोष्ट शहाऐंशी-सत्याऐंशीच्या सुमाराची. तेव्हाचे डास मच्छरदाणीत शिरण्याआधी खाकरायचे. एकदा एक डास माझ्या मेव्हण्याच्या खांद्यावर बसला, तर मेव्हण्याला वाटलं मीच हात ठेवलाय. तो दहा मिनिटं त्याच्याशीच बोलत राहिला. उन्हाळ्यात ही मंडळी दिवसभर सावलीला झोपत आणि दिवेलागणीला कचेरी सुटल्यासारखी एकदम बाहेर पडत. नेमक्या त्याच वेळी नाना हातात पितळी वाटी घेऊन गोंदणीच्या झाडाखाली जात.

ते झाड कुणी लावलं नव्हतं. कुठल्या तरी पाखराच्या कृपेनं हौदाच्या कडेला उगवलं आणि खरकट्या पाण्यावर वाढलं. वैशाखात त्याला वाटाण्याएवढ्या नारिंगी गोंदण्यांचे घोसच्या घोस लागत. गोंदणी खायला गोड, पण चिकट अशी की विचारू नका. बोटांना तार सुटते. नाना बोटं राखेत बुडवून एक-एक फळ खुडत. तरी कोपरापर्यंत चिकटा व्हायचाच, आणि चावायला आलेले निम्मे डास तिथंच अडकून बसायचे. नाना घरात परतले की त्यांच्या दंडावर पाच-पन्नास डास संक्रांतीच्या पतंगासारखे फडफडत असत.

"नाना, डास!" मी भिंतीवरून ओरडायचो.

"बठ्ठा मना वळखीना शेतस, मास्तर," नाना म्हणायचे. सगळे ओळखीतलेच आहेत!

नाना स्वतः एकही गोंदणी खात नसत. एकदा खाल्ली होती. कवळीचा वरचा आणि खालचा भाग असा चिकटला की दोन दिवस ते नाकातून बोलत होते. गोळा केलेल्या गोंदण्या गल्लीत वाटायच्या, घरटी एक वाटी. नको म्हणायची सोय नव्हती. वाटी दिली की दाराच्या चौकटीवर खडूनं तारीख आणि सही. ही खात्याची सवय. खात्यात असताना घर तपासलं की भिंतीवर तारीख टाकावी लागे. रिटायर झाल्यावर घरं सुटली, भिंती सुटल्या नाहीत. दिवाळीला मी नवा रंग दिला आणि दुसऱ्या दिवशी दर्शनी भिंतीवर गेरूनं लिहिलेलं सापडलं: 'तपासले. ठीक.' खाली सही. मी भांडायला गेलो तर म्हणाले, "बठ्ठं नियममा शे."

नियम हा नानांचा देव. माझ्या बहिणीला पाहायला नरडाण्याहून स्थळ आलं होतं. मुलगा बिचारा घामाघूम. नानांनी सहज त्याच्या मनगटाला हात लावला, "अंग कोमट शे" म्हणाले, आणि कुणाला काही कळायच्या आत त्याच्या बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घेतलासुद्धा. मुलगा पोह्यांच्या बशीत आडवा झाला. लग्न जमलं. आजही तो मेव्हणा आमच्या घरी आला की हात खिशात घालूनच आत येतो.

याच नियमानं नानांच्या संसाराची मात्र गंमत करून टाकली होती. त्यांची बायको, अक्का, त्यांच्याशी बोलत नसे. अकरा वर्षं एक शब्द नाही. झालं असं, की एकुलत्या एका लेकीच्या लग्नाच्या दिवशी नाना शिरपूरच्या वर, सातपुड्यातल्या एका पाड्यावर पाठीला पंप बांधून फवारत होते. फेरी अर्धी सोडून यायचं नाही, असा नियम. कन्यादान मामानं केलं. तिसऱ्या दिवशी नाना घरी आले, तोवर मांडवसुद्धा निघाला होता. अक्कांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "भिंतबाई, पाहुना उना शे. त्याले पानी दे."

तेव्हापासून त्या घरातलं सगळं बोलणं भिंतीमार्फत. "भिंतबाई, सांग त्यास्ले, च्या थंडा व्हई राहिना." मग नाना भिंतीला म्हणत, "सांग तिले, आलो." ज्यानं जन्मभर लोकांच्या भिंतींवर लिहिलं, त्याला शेवटी भिंतीशीच संसार करावा लागला. गल्लीत यावर हसून घ्यायचे सगळे. मीही हसायचो. सगळ्यात मोठ्यानं मीच.

त्या उन्हाळ्यात डासांनी कहर केला. किराणा दुकानवाले मोतीशेठ आमच्या ओट्यावर येऊन बसले. शेठच्या तीन पिढ्या धुळ्यात गेल्या, पण जिभेवरचं राजस्थान काही गेलं नव्हतं.

"मास्तरसाब, ये नानाचा झाड नाही हाय, मच्छरांची धर्मशाला हाय. जेवन बी फ्री, रहना बी फ्री."

"मग नगरपालिकेला सांगा. फवारून जातील."

"दोन दफा आले. नाना दार उघडत नाही. बोलतो, परसू खाजगी हाय!"

हे खरं होतं. तीस वर्षं लोकांच्या चुलीपर्यंत पंप घेऊन घुसलेला माणूस स्वतःच्या परसात फवारणीवाल्याला पाय ठेवू देत नव्हता. शेवटी गल्लीनं ठरवलं: झाड तोडावं, हौद बुजवावा, परसू फवारावं. अर्ज मी लिहिला. गल्लीतले सगळे अर्ज मीच लिहायचो, कारण माझं अक्षर चांगलं होतं आणि खोटं कसं लिहायचं तेही मला येत होतं. 'सदर वृक्षामुळे नागरिकांचे जिणे दुष्कर झाले असून' असं झकास वाक्य टाकलं. वीस सह्या झाल्या. राहिली एकच, मालकाची ना-हरकत. ती आणायची कामगिरीही माझ्याच गळ्यात पडली.

"आजच घेऊन या," शेठ म्हणाले. "नाना नियमवाला आदमी. कागद दिसला की सही करेल."

दिवेलागणीला मी गेलो. पुढचं दार लोटलेलं होतं, म्हणून बाजूच्या बोळातून परसात शिरलो. आजवर मी ते परसू भिंतीवरून पाहिलं होतं. भिंतीवरून कमरेच्या वरचे नाना आणि वरच्या फांद्या दिसत, एवढंच.

नाना खालच्या फांदीशी वाकून गोंदण्या खुडत होते. डासांचा नुसता भोवरा झाला होता. आणि त्यांच्या मागे, उपड्या घमेल्यावर, अक्का बसल्या होत्या. हातात वारा घालायचा विंझणा. नाना डावीकडे सरकले की विंझणा डावीकडे. उजवीकडे, की उजवीकडे. मानेवर डास बसला तर विंझण्याची कड हळूच मानेला टेकायची. दोघांपैकी कुणी काही बोलत नव्हतं. तिथं भिंतही जवळ नव्हती.

मी नानांजवळ जाऊन उभा राहिलो. काहीतरी बोलायचं म्हणून हलकेच म्हणालो, "नाना, सकाळी का नाही तोडत? सकाळी एकही डास नसतो."

नानांनी मागे एक नजर टाकली. मग माझ्या कानाशी येऊन, चोरीची गोष्ट सांगावी तसं पुटपुटले, "सकायले डास नही ऱ्हातस, मास्तर. मंग ती बी येस नही."

कागद पाठीमागे लपवायचं सुचायला हवं होतं, पण तेवढं डोकं चाललं नाही.

"काय शे ते हातमा?"

त्यांनी कागद घेतला. राखेची बोटं कडेला ठेवून पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत वाचला. मला वाटलं होतं चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं.

"अर्ज बरोबर शे," ते म्हणाले. "मी खात्यात असतो, तं मीच मंजूर केला असता. हौदात अळ्या शेतस. मला ठाऊक शे." कागद गुडघ्यावर सरळ केला आणि हात पुढे केला. "पेन द्या."

विंझणा थांबला.

अक्का आमच्याकडे पाहत नव्हत्या. त्या झाडाकडेही पाहत नव्हत्या. विंझणा तसाच मांडीवर उपडा पडला होता आणि नानांच्या उघड्या मानेवर-दंडांवर डास उतरायला लागले होते, एक, मग चार, मग मोजायचं सुटलं. नाना हलले नाहीत. हात तसाच पुढे.

माझ्या खिशाला दोन पेनं लटकत होती. एक निळं, एक लाल. दोन्ही त्याच दुपारी भरून घेतली होती.

"शाई संपली, नाना," मी म्हणालो.

नानांनी माझ्या खिशाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग कागदाची नीट चार पदरी घडी घातली, माझ्या हातात दिली, राखेत बोटं बुडवली आणि फांदीकडे वळले.

मी बोळातून बाहेर पडेपर्यंत मागे वळून पाहिलं नाही. पण विंझण्याचा आवाज मला ऐकू येत होता. आता जरा जोरात.