निम्मा ट्रॅक्टर मॅलकीमामाचा

"पाय काढ! क्लचवरचा पाय काढ! ती काय तुझी उशी आहे?"

आजोबांचा हा आवाज आयर्लंडमधल्या कार्लोच्या उतारावरून असा घुमत यायचा, की दोन शेतं पलीकडच्या मेंढ्याही एक पाय उचलून उभ्या राहायच्या. आजोबा गेले. मागे उरला त्यांचा करडा ट्रॅक्टर. तो त्यांनी माझ्या दोन्ही मामांना निम्मा-निम्मा दिला. मामांनी काही क्लचवरचे पाय काढले नाहीत.

व्हायचं तेच झालं, क्लचची प्लेट झिजली. इंजिन गरजायचं, धूर निघायचा, आणि ट्रॅक्टर जागच्या जागी! पाहुणा कसा "निघालोच, निघालोच" म्हणत खुर्चीत रुतून बसतो, तसा.

"त्यात काय!" मी म्हटलं. "शनिवारी सकाळी खोलते, दुपारच्या चहाला जोडते!" आमच्या पंचक्रोशीत ट्रॅक्टरदुरुस्तीत माझा हात धरणारं कोणी नाही. मी स्वतःच सगळ्यांना तसं सांगून ठेवलंय.

घाई होती ती फिंटनमामासाठी. रविवारी नांगरणीची स्पर्धा होती, ज्याची सरी सर्वांत सरळ त्याला कप, आणि पुढल्या आठवड्यात त्याच्या खुब्याचं ऑपरेशन. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, त्यानंतर ट्रॅक्टरवर चढायचं नाही. म्हणजे वडिलांच्या ट्रॅक्टरवरची ही त्याची शेवटची नांगरणी.

आता एक अडचण सांगते. माझे दोघे मामा बिनलग्नाचे, राहतात एका घरात, जेवतात एका टेबलावर, आणि दहा वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत! दहा वर्षांपूर्वी फिंटनमामाने याच स्पर्धेचा कप जिंकला. घरी येताना मॅलकीमामा म्हणाला, "परीक्षकाचे डोळे तपासायला हवेत." संपलं! तेव्हापासून सगळा कारभार टेस या कुत्रीमार्फत. "टेस, त्याला सांग, बटाटे करपतायत." टेस शेपूट हलवते. बटाटे उतरवले जातात.

तर, या जुन्या ट्रॅक्टरचा क्लच असतो पोटात. बदलायचा तर ट्रॅक्टर मधोमध उघडावा लागतो. मी लाकडी पाचरी ठोकल्या, चाकांचे जॅक लावले, बोल्ट काढले, आणि पुढचा भाग हळूच सरकवला. इकडे इंजिन, तिकडे सीट आणि मोठी चाकं. मधे चांगली दोन पावलांची फट. मग नवी प्लेट आणायला मी गावात गेले.

परत येते तो अंगण रिकामं!

इंजिन गवताच्या कोठारात. शेजारी मॅलकीमामा, हाताची घडी घालून.

"मामा, हे काय?"

"टेस, सांग तिला. बाबांनी निम्मा ट्रॅक्टर मला दिला होता. कुठला निम्मा, ते आज कळलं."

मागचा भाग गाईंच्या गोठ्यात. त्यावर फिंटनमामा.

"सीट माझी," तो म्हणाला. "स्टिअरिंग माझं. त्याला म्हणावं, इंजिनावर बसून नांगर!"

"अरे, उद्या स्पर्धा आहे!"

"टेसला सांग."

मी अंगणाच्या मधोमध बादली पालथी घालून बसले. "ठीक आहे! प्लेट माझी! मीही देत नाही!" गाय हंबरली.

चहा थंड झाला. सोडा-ब्रेड कोरडा पडला. तेवढ्यात मॅलकीमामा पाणी प्यायला म्हणून गोठ्यावरून गेला आणि दाराशीच थबकला. मीही डोकावले. आत फिंटनमामा त्या अर्ध्या ट्रॅक्टरवर बसून स्टिअरिंग धरून होता. दुखरा खुबा सावरत मान वळवून मागे बघत होता. नांगरणारा आपली सरी बघतो, अगदी तसा. गाईंच्या पायांखालच्या त्या ओल्या फरशीवर त्याला काळी माती उलगडताना दिसत होती. चेहरा तर असा, की जणू कोणी त्याला अंगाई म्हणतंय.

"टेस," मॅलकीमामा खाकरून म्हणाला, "इंजिन आणायला हात लाव म्हणावं हिला."

जोडायला बसलो. मी प्लेट चढवली. पण गिअरबॉक्सचा दांडा प्लेटच्या दातेरी भोकात शिरायचा, तर एकाने इंजिन ढकलायचं आणि दुसऱ्याने पुढचं हँडल केसभर फिरवायचं. हे काम कुत्रीमार्फत होत नाही!

"फिरव!" फिंटनमामा ओरडला.

"फिरवतोय!"

"उलटं फिरवतोयस, गाढवा!"

"गाढव तू! ढकल!"

खट्ट! बसला! मला तर रडूच आलं. डोळे पुसत मी सीटवर चढले, इंजिन सुरू केलं, पेडल दाबलं, गिअर टाकला. कर्रर्र! क्लच सुटलाच नाही, आणि ट्रॅक्टर थेट कोंबड्यांच्या खुराड्यात!

प्लेटला पाठ-पोट असतं. मी ती उलटी बसवली होती.

"हिला कोणी शिकवलं रे?" मॅलकीमामाने विचारलं.

"तूच!" फिंटनमामा म्हणाला.

"छे! तू!"

आणि दोघांनी, दहा वर्षांची कसर भरून काढत, गळ्यात गळे घालून मला शिव्या घातल्या. अंगावर पिसं घेऊन मी ट्रॅक्टर पुन्हा उघडला. या खेपेला पेडल मॅलकीमामाने लावून दिलं. अंगठ्याएवढं ढिलं ठेवलं, दाबून पाहिलं, पुन्हा पाहिलं. वेणी घालणाऱ्या आईसारखी त्याची बोटं हळुवार चालत होती. माझ्या हातून असं कधी व्हायचं नाही, हे मात्र मी पंचक्रोशीत सांगितलेलं नाही.

रविवारी फिंटनमामाने नांगरलं. क्लच लोण्यासारखा सुटत होता. बक्षीस मिळालं नाही. तो सीटवरून उतरू लागला तेव्हा मॅलकीमामाने पुढे होऊन त्याच्या काखांत हात घातले आणि त्याला जमिनीवर ठेवलं. मग मॅलकीमामा टोपीची कड चाचपू लागला.

"त्या वर्षीची सरी," तो म्हणाला, "सरळ होती रे. दोरी धरल्यासारखी. मला तशी जन्मात जमली नसती."

फिंटनमामा हळूच म्हणाला, "आणि आजची?"

"आजची? बैल मुतत गेल्यासारखी!"