अक्कांच्या फाइलीतलं माझं पान

मी शेजारी चहा प्यायला गेलो आणि परत येईपर्यंत प्रमिलाअक्कांनी माझ्या दुकानाची पाटी बदलून टाकली होती. विचारलं नाही, सांगितलं नाही. जुना कागद काढला, नवा चिकटवला आणि स्टुलावर बसून दोन्हींचे फोटो बघत होत्या.

जळगावात माझं मोटारपंप आणि ठिबकच्या सामानाचं दुकान आहे. कुणाच्या मेहेरबानीशिवाय उभं केलेलं. पाटीचा मजकूरही माझाच होता : 'भाव करून आपला व आमचा अपमान करून घेऊ नये. एकदा विकलेल्या मालाशी दुकानाचा कोणत्याही प्रकारे कसलाही संबंध राहणार नाही.' मी स्वतः भाव केल्याशिवाय कोथिंबिरीची जुडी उचलत नाही, पण तो विषय वेगळा.

अक्कांनी त्या जागी लिहिलं होतं : 'भाव एकच. माल बिघडला तर परत या.'

"हे काय केलंत?" मी ओरडलो.

"सूज होती भाऊ. उतरवली."

अक्का सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. मेहरूणला आमच्या शेजारी एकट्याच राहतात. निवृत्तीनंतर त्यांना फोनवर कळलं की कंपन्यांना जाहिराती, माहितीपत्रकं वगैरे घरबसल्या लिहून देता येतात. फक्त आधी पोर्टफोलिओ लागतो. "म्हणजे प्रगतिपुस्तकच," त्या मला म्हणाल्या, "फक्त गुण आपले आपण द्यायचे." पण काम केल्याशिवाय नमुना नाही आणि नमुन्याशिवाय कुणी काम देत नाही. यावर अक्कांनी दवाखान्यातला उपाय काढला. पेशंट इंजेक्शनला तयार आहे का, हे त्या कधी विचारतच नसत.

दातांच्या डॉक्टरांच्या दारावर 'रुग्णांनी विनाकारण घाबरू नये' असं होतं. अक्कांनी 'डॉक्टर हलक्या हाताचे आहेत' असं केलं. डॉक्टर खूश. गिरणीवाला मात्र अक्का गल्लीत शिरल्या की पाटी आत घेतो. प्रत्येक पाटीचे दोन फोटो निळ्या फाइलीत लागायचे. डावीकडे 'आधी', उजवीकडे 'नंतर'.

पहिल्याच पानावर डावीकडे मी होतो. दुकानाच्या नावासकट. ती फाइल अर्ध्या जळगावनं पाहिली. समोरचा पाइपवाला रस्त्यातून ओरडला, "काय शेठ, 'आधी' म्हणजे तुम्हीच ना?" त्यात नशिराबादकडचा एक शेतकरी गळका व्हॉल्व्ह घेऊन दारात. मी हात झटकले तर पाटीकडे बोट दाखवून म्हणतो, "लिखेल शे ना भाऊ, 'परत या'? मंग उनू मी." द्यावा लागला बदलून. तेव्हापासून बदलूनच देतोय. गिऱ्हाईक वाढलं म्हणतात. वाढलं असेल.

मध्यंतरी धुळ्याच्या एका बियाणे कंपनीनं अक्कांना नमुने घेऊन बोलावलं. त्यांचं पहिलंच बोलावणं. मी माल आणायला धुळ्याला निघालोच होतो, म्हणून गाडीत जागा मागायला आल्या. मी संधी सोडणारा माणूस नाही.

"गाडीत बसायचं तर माझं पान काढायचं."

"नाव झाकते ना."

"माझी भाषा लोक ओळखतात."

"भाऊ, ते माझं सगळ्यात चांगलं पान आहे. बाकीची बारीकसारीक. त्याच्याशिवाय काम नाही मिळायचं."

"मग एसटीनं जा."

अक्कांनी पान काढलं, घडी घालून माझ्या हातात दिलं आणि पुढच्या सीटवर बसल्या. एरंडोलपर्यंत मी जिंकल्याच्या आनंदात होतो.

कंपनीतला साहेब पोरगेलासा होता. मीही आत जाऊन बसलो. त्यानं फाइल भराभर चाळली. "या सगळ्या पाट्याच आहेत मॅडम. मोठा मजकूर छोटा केलेलं काही नाही का?"

अक्कांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग पर्समधून एक कागद काढून पुढं केला. मी मान वाकडी करून वाचला. 'आधी'च्या खाली वर्तमानपत्राचं कात्रण होतं. प्रथम स्मृतिदिन, कालकथित सुधाकर, आणि खाली रांगच : मनमिळाऊ, कुटुंबवत्सल, प्रेरणास्थान, आधारवड. 'नंतर'च्या खाली अक्कांच्या अक्षरात एवढंच :

'अहो, उन्हाळा लागला. कूलरचं तोंड अजून तुमच्याच बाजूला आहे.'

साहेबानं कागद लगेच खाली ठेवला नाही.

"हे काम कुणी दिलं होतं?"

"कुणी नाही. छापून आलं तेव्हा कळलं, एवढ्या शब्दांत हे कुठंच नाहीत."

"फाइलीत लावलं नाहीत?"

"ते नमुन्याचं नाही. आज एक पान कमी पडलं."

एक माहितीपत्रक करून बघा, म्हणाला तो. काम मिळालं.

गाडीत बसल्यावर मी खिशातली घडी काढून डॅशबोर्डवर ठेवली.

"हे परत लावा. पहिल्याच पानावर. नाव झाकायचं नाही."

"का हो?"

"फुकटची जाहिरात होते. पण एक अट आहे. ते पर्समधलं पुन्हा कुणाला दाखवायचं नाही."

मी भाव ऐकायच्या तयारीत होतो. अक्कांनी भाव केला नाही. पर्स मांडीवर घट्ट धरली, खिडकीबाहेर बघत राहिल्या. पारोळा मागं पडलं. मग हळूच म्हणाल्या, "त्यांना माझ्यापेक्षा जास्त उकडायचं."

मी गाडी जरा हळू घेतली.